प्रश्न तुमचे : दीडशे किलोमीटरला सात तास कशासाठी?

नमस्कार मंडळी. यावेळी डोंगरातल्या रेल्वेबद्दल एवढे प्रश्न आलेत की बाकीचे सगळे पुढच्या अंकासाठी ठेवले. सुट्ट्या जवळ आल्या की आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत घराघरात हीच चर्चा, कुठे जायचं, किती दिवस, आणि घरातल्या मोठ्या माणसांना झेपेल का. मी नौपाड्यात वाढले, १८५३ साली बोरीबंदरहून निघालेली पहिली गाडी जिथे आली त्या ठाण्यात, आणि जमेल तिथे ट्रेननेच फिरते, त्यामुळे उत्तरं जरा लांबली आहेत.

प्रश्न : ताई, मार्चमध्ये आम्ही श्रीलंकेला जातोय. मी, मिस्टर, मुलगी नववीतली आणि सासूबाई, वय ६८. मला कँडी ते एल्ला ही चहाच्या मळ्यांतून जाणारी ट्रेन करायचीच आहे. मिस्टर म्हणतात, दीडशे किलोमीटरला सात तास? कार केली तर चार तासात पोचू आणि अजून दोन स्पॉट होतील. सासूबाईंना जमेल का, कुठला क्लास घ्यायचा, आणि मिस्टरांना काय सांगू? (नेरूळ)

मिस्टरांचा हिशोब चुकीचा नाहीये ताई. कँडी ते एल्ला रेल्वेने साधारण दीडशे-एकशेसाठ किलोमीटर, म्हणजे आपलं ठाणे ते पुणे. ते आपण अडीच-तीन तासात जातो आणि तिथे साडेसहा-सात तास लागतात, लेट झाली तर अजून जास्त. पण ही गाडी हळू का जाते ते एकदा त्यांना नीट सांगून बघा, मला वाटतं त्यांचं मन बदलेल.

आपल्याकडे कर्जतला गाडी थांबते, मागून बँकर, म्हणजे ढकलायला जादा इंजिनं, लागतात, तोवर आपण खिडकीतून वडे घेतो आणि मग घाट चढतो. बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. श्रीलंकेच्या लाइनवर तो ४४ ला १ आहे, म्हणजे आपल्यापेक्षा सौम्यच, आणि रूळ पण आपल्यासारखेच ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. मग एवढी हळू का, तर वळणांमुळे. ब्रॉडगेजची अवजड गाडी डोंगराच्या कडेकडेने नेलीय आणि वळणं इतकी घट्ट आहेत की खिडकीतून आपलंच इंजिन समोर आडवं जाताना दिसतं, तिथे वेग वाढवायचा प्रश्नच येत नाही. शिवाय रंबुक्कनाच्या पुढे लाइन सिंगल आहे. समोरची गाडी स्टेशनात येईपर्यंत आपली थांबते, स्टेशन मास्तरकडून टोकन ड्रायव्हरच्या हातात आलं की मगच पुढच्या सेक्शनमध्ये जाता येतं, कारण टोकन एकच, म्हणजे त्या टप्प्यात गाडीही एकच. आपल्या आजोबांच्या वेळची पद्धत तिथे अजून रोजच्या कामात आहे. मुलीला स्टेशनात गाडी शिरताना इंजिनाकडे बघायला सांगा, ती टोकनची देवाणघेवाण मिनिटभरात होऊन जाते.

आणि अजून एक, ही लाइन टुरिस्टसाठी बांधलीच नव्हती. ती कॉफीसाठी होती. १८६४ मध्ये तिथली पहिली गाडी कोलंबोहून अंबेपुस्सापर्यंत गेली आणि १८६७ ला रेल्वे कँडीला पोचली ती डोंगरातली कॉफी खाली बंदरावर आणायला. मग १८६९ पासून कॉफीच्या पानांवर तांबेरा पडायला लागला, आपल्याकडे गव्हावर पडतो तसा, आणि काही वर्षांत कॉफीचे मळेच्या मळे गेले. मळेवाल्यांनी मग चहा लावला, चहा वर वर चढत गेला आणि त्याच्या मागे रेल्वे. १८८५ ला नानू ओया, १८९४ ला बंडारवेला आणि शेवटचं बदुल्ला थेट १९२४ ला. कँडीपासून बदुल्लापर्यंत पोचायला ५७ वर्षं लागली त्या रुळांना, आपण सात तास बसायला हरकत नाही असं मिस्टरांना सांगा.

आम्ही २०१८ च्या फेब्रुवारीत गेलो होतो, सोबत माझी आई आणि दहा वर्षांचा मुलगा. रिझर्वेशन मिळालं नव्हतं. एका एजंटने देतो देतो म्हणून शेवटच्या दिवशी हात वर केले, मग कँडीला खिडकीवर थर्ड क्लासची साधी तिकिटं काढली आणि शिरलो. गर्दी म्हणजे आपली सकाळची कर्जत फास्ट. आई उभी, मी उभी, मला इतकं वाईट वाटत होतं की विचारू नका. तेवढ्यात एका माणसाने आईला जागा दिली, पांढरे कपडे, सोबत सगळं कुटुंब, आणि हॅटन आल्यावर अर्धा डबा तिथेच रिकामा झाला. नंतर कळलं की डिसेंबर ते मे श्रीपाद डोंगराच्या यात्रेचा सीझन असतो आणि यात्रेकरू हॅटनला उतरतात. शिखरावरच्या खडकात एक पाऊल उमटलंय, बौद्ध म्हणतात बुद्धाचं, हिंदू म्हणतात शंकराचं, मुसलमान म्हणतात आदमचं, आणि सगळे तो डोंगर चढतात. तुम्ही मार्चमध्ये जाताय म्हणजे तुमच्याही गाडीत यात्रेकरू असतील.

हॅटननंतर खरा देखावा सुरू होतो. तलवाकेलेजवळ सेंट क्लेअर धबधबा दिसतो, मग नानू ओया, तिथून हवा गार व्हायला लागते, स्वेटर बॅगेत तळाशी ठेवू नका. पट्टीपोला हे सगळ्यात उंच स्टेशन, जवळपास १,९०० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्याही वर. तिथून पुढे एक बोगदा लागतो आणि त्याच्या पलीकडे हवाच वेगळी. आम्ही आत शिरलो तेव्हा अलीकडे धुकं, झिमझिम, काचा ओल्या, आणि बाहेर पडलो तर स्वच्छ ऊन आणि खाली कोरड्या टेकड्या! डोंगराच्या एका अंगाला नैऋत्य मोसमी पाऊस मिळतो आणि दुसरं अंग त्याच्या पडछायेत येतं, अगदी आपलं महाबळेश्वर आणि वाईसारखं, फक्त इथे मध्ये एक बोगदा आहे. मुलगी नववीत आहे ना, भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश झाला असेल, तिला तो बोगद्याच्या आधी आठवून द्या. पुढे इडलगशिन्नाला गाडी डोंगराच्या धारेवरून जाते आणि दोन्ही बाजूंना दरी दिसते. त्यामुळे डाव्या बाजूला बसू की उजव्या हे विचारू नका, बाजू बदलत राहते, खिडकी मिळाली म्हणजे झालं.

आता एक गोष्ट जी मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हती. तो फोटोत दिसणारा नऊ कमानींचा पूल, ९१ मीटर लांब आणि २४ मीटर उंच, दगड-वीट-सिमेंटचा, तो एल्लाच्या पुढे आहे, एल्ला आणि डेमोदराच्या मध्ये. म्हणजे एल्लाला उतरलात तर गाडी तुमच्यासकट पुलावरून जातच नाही. आम्ही एल्लाला उतरलो आणि माझा मुलगा अक्षरशः रडकुंडीला आला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकीट काढून डेमोदरापर्यंत गेलो आणि बरं झालं गेलो, कारण डेमोदराला लाइन डोंगराला एक पूर्ण वेटोळं घालून आपल्याच स्टेशनच्या खालून बोगद्यातून बाहेर पडते. स्टेशन वर, आणि थोड्या वेळाने तुमची गाडी त्याच्या पोटाखालून जाते. तुम्ही सरळ डेमोदरा किंवा बदुल्लापर्यंतच तिकीट काढा आणि रिक्षाने एल्लाला परत या.

क्लासचं सांगते. फर्स्ट एसीच्या खिडक्या बंद असतात, काचेतून बघावं लागतं, मुलीला त्यात मजा येणार नाही. सेकंड क्लास रिझर्व्ड घ्या, खिडक्या उघडतात आणि जागा आपली असते. रिझर्वेशन ३० दिवस आधी उघडतं आणि पटकन संपतं, त्या दिवशी सकाळीच कामाला लागा. अजून एक घोळ, कोलंबोहून बदुल्लाला जाणाऱ्या सगळ्याच गाड्या कँडीत येत नाहीत, काही बाहेरूनच पेरादेनिया जंक्शनवरून जातात, तेव्हा चढायचं स्टेशन नीट बघा.

सासूबाईंसाठी मी सात तास सलग सांगणार नाही. माझ्या आईचे पाय सुजले होते आणि तिने दोन दिवस मला सांगितलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. नानू ओयाला उतरा, जवळच नुवारा एलिया आहे, एक-दोन रात्री तिथे राहा आणि उरलेला टप्पा, जो तसाही सगळ्यात सुंदर आहे, दुसऱ्या दिवशी करा. तो तीन तासांच्या आसपास आहे. तेवढं ६८ व्या वर्षी नक्की जमतं.

खाण्याचं बघायला गेलं तर गाडीत "वडे, वडे, वडे" अशीच हाक येते, शब्द पण आपलाच. डाळीचे परिप्पु वडे आपल्या डाळवड्यासारखे, पण इस्सो वड्यावर कोळंबी असते, सासूबाई शाकाहारी असतील तर बघून घ्या. नारळाच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, पण बऱ्याचदा वाळवलेल्या माशाचा चुरा घालतात, दिसत नाही, विचारावंच लागतं.

एक महत्त्वाचं राहिलं. २०२५ च्या नोव्हेंबरअखेर दितवा चक्रीवादळ आलं, तिथे शेकडो माणसं गेली, डोंगरात दरडी कोसळल्या आणि याच लाइनचं प्रचंड नुकसान झालं. तेव्हा हॉटेल बुक करायच्या आधी कुठून कुठपर्यंत गाडी चालू आहे ते श्रीलंका रेल्वेकडून खात्री करून घ्या, आणि एखादाच टप्पा चालू असेल तर तेवढा करा, राहिलेला रस्त्याने. पण जा जरूर. चहाच्या मळ्यात काम करणारी बहुतेक माणसं तमिळ आहेत, दोनशे वर्षांपूर्वीपासून इंग्रजांनी तामिळनाडूतून आणलेल्या मजुरांची मुलं-नातवंडं, त्यांना मलयहा तमिळ म्हणतात. १९४८ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षीच्या कायद्याने त्यातल्या बहुतेकांना नागरिकत्वच मिळालं नाही, पुढची कित्येक वर्षं त्यांना कुठलाच देश नव्हता. त्यांच्या लाइनीतल्या खोल्या रुळाच्या अगदी बाजूला दिसतात, एका छपराखाली ओळीने दहा-बारा घरं. कारने चार तासात गेलं की हे काहीच दिसत नाही. गाडी हळू जाते म्हणून टोपली पाठीवर घेतलेल्या बाईचा चेहरा दिसतो, ती हात करते, आपण हात करतो. मिस्टरांना दोन स्पॉट कमी करायला सांगा.

प्रश्न : आम्हाला परदेश नाही जमणार, पण उटीची टॉय ट्रेन करायची आहे. मुलगा नऊ वर्षांचा, रोज विचारतो की दाताचे रूळ म्हणजे काय आणि इंजिन मागे का असतं. मला सांगता येत नाही. ठाण्याहून कसं जायचं आणि तिकीट मिळतं का? (ठाणे पश्चिम)

दादा, मुलाला सोसायटीच्या गेटपाशी घेऊन जा. सरकतं मोटारचं गेट असेल तर खाली एक दातेरी पट्टी असते आणि मोटारीचं दातेरी चाक त्या पट्टीत अडकून गेट ओढतं. निलगिरीच्या गाडीचं अगदी तेच, फक्त पट्टी गेटवर नसून दोन रुळांच्या मध्ये जमिनीवर आहे आणि चाक इंजिनाच्या पोटात. साधं लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर फार चढ चढू शकत नाही, घसरतं. मघाशी बोरघाटाचं ३७ ला १ सांगितलं ना, निलगिरीत कल्लार ते कुन्नूर चढ जवळपास साडेबाराला एक आहे, तिप्पट खडा! म्हणून तिथे दात लागतात. आणि पट्ट्या दोन असतात, शेजारी शेजारी, पण एकीचा दात जिथे तिथे दुसरीची खाच, म्हणजे कुठल्याही क्षणी एक तरी दात पकडीत असतोच. याला ॲब्ट पद्धत म्हणतात, तिच्या स्विस इंजिनिअरच्या नावावरून, आणि तिथली जुनी वाफेची इंजिनं पण स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूरला बनलेली.

इंजिन मागे का, तर ते कायम उताराच्या बाजूला ठेवतात. चढताना ते डबे ढकलतं आणि उतरताना तेच पुढे राहून डबे अडवून धरतं, म्हणजे एखादी जोडणी सुटलीच तरी डबे इंजिनाच्या अंगावर येऊन थांबतील, मोकळे खाली पळणार नाहीत. शिवाय डब्याडब्यावर ब्रेक लावणारा माणूस उभा असतो, हातात झेंडा. मुलाला सगळ्यात पुढच्या डब्यात बसवलंत तर त्याच्या पुढे इंजिनच नसेल, नुसते रूळ आणि जंगल. नऊ वर्षांच्या मुलाला अजून काय पाहिजे.

मेट्टुपालयम ते उटी ४६ किलोमीटर, चढताना जवळपास पाच तास, उतरताना साडेतीन. मेट्टुपालयम सव्वातीनशे मीटरवर आणि उटी २,२०० च्या आसपास, म्हणजे समुद्रापासून कळसूबाई जेवढी उंच त्याहून जास्त ही गाडी एका सकाळीत चढते. खाली सुपारीच्या बागा आणि दमट उकाडा, मध्ये दाट जंगल, बोगदे १६, मग चहा, आणि वर निलगिरीची झाडं, नाकाला वास बदललेला कळतो. इंजिन पाणी प्यायला थांबतं तेव्हा सगळे खाली उतरतात. कुन्नूरपर्यंतचा भाग १८९९ ला सुरू झाला, उटीपर्यंत १९०८ ला, आणि २००५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. पण कुन्नूरनंतर दात संपतात आणि पुढे डिझेल इंजिन लागतं. हे नीट लक्षात घ्या, कारण बरेच जण उटीहून कुन्नूरला जाऊन येतात आणि टॉय ट्रेन केली म्हणतात. तो भाग छान आहेच पण मुलाला दाताचे रूळ बघायचे असतील तर मेट्टुपालयम-कुन्नूर करायलाच हवा.

जाण्यासाठी कुर्ला टर्मिनसवरून कोइमतूरची एक्सप्रेस आहे, पुणे-सोलापूर-बेंगळुरूमार्गे, तीस तासांच्या वर लागतात. नाहीतर विमानाने कोइमतूर. तिथून मेट्टुपालयम पस्तीसेक किलोमीटर, लोकल गाड्या आहेत. डोंगरातली गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि वर जाणारी ती एकच, त्यामुळे आदल्या रात्री मेट्टुपालयमलाच राहा. तिकीट आयआरसीटीसीवर ६० दिवस आधी उघडतं, मे महिन्याचं असेल तर त्या दिवशी सकाळी आठलाच बसा. चढतीचं नाहीच मिळालं तर उतरतीचं बघा, लोकांना ते सुचत नाही म्हणून कधी कधी राहतं. ऑक्टोबर ते डिसेंबर टाळा, तिकडे तेव्हा ईशान्य मोसमी पाऊस, दरडी येतात आणि गाडी रद्द होते. डब्यात बाथरूम नाही, मुलाला सुटायच्या आधी नेऊन आणा.

प्रश्न : आम्ही दोघं आयटीत, सुट्टी नाही, फक्त एक रविवार मिळतो. जवळपास असं काही आहे का? (ऐरोली)

आहे की, नेरळ-माथेरान, तुमच्या घरापासून दोन तासांच्या आत. ऐरोलीहून ट्रान्स हार्बरने ठाणे, तिथून कर्जत किंवा खोपोली लोकल, नेरळला उतरायचं, छोट्या गाडीचा फलाट तिथेच शेजारी. आपल्याकडे लोक दार्जिलिंगला जातात आणि माथेरानची गाडी फक्त लहानपणी शाळेच्या सहलीत केलेली असते, याचं मला वाईट वाटतं.

ही लाइन अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली, १९०४ ते १९०७, खर्च तेव्हाचा १६ लाख रुपये. रूळ फक्त दोन फूट रुंद, २१ किलोमीटर, वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि एकच छोटा बोगदा. इथे दात नाहीत, चढ २० ला १ आहे आणि बाकी सगळं काम वळणांनी केलंय, गाडी इतकी वळते की खालचं नेरळ एकदा डावीकडे दिसतं एकदा उजवीकडे. अडीच तास धरून चला.

२००५ च्या जुलैमधल्या पावसात रूळ वाहून गेले, ते २००७ ला पुन्हा सुरू झाले. मग २०१९ च्या पावसात परत वाहून गेले आणि २०२२ च्या ऑक्टोबरपर्यंत नेरळहून गाडी बंद होती. त्या तीन वर्षांत मला खरंच भीती वाटली होती की आता ही गेली. चालू आहे तोवर तिकीट काढून बसा, मी तर वर्षातून एकदा जातेच. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज बंद असते आणि फक्त अमन लॉज-माथेरान शटल चालते. नेरळचं तिकीट आधी काढून ठेवता येत नाही, सुटायच्या थोडं आधी खिडकीवर मिळतं आणि रविवारी रांग मोठी, म्हणून ठाण्याहून पहाटेची लोकल पकडा. नाहीच मिळालं तर नेरळहून टॅक्सीने दस्तुरी नाका, त्यापुढे मोटार जात नाही, तिथून चालत अमन लॉज आणि शटल. जमल्यास एखादा सोमवार रजा टाका, फरक खूप पडतो.

प्रश्न : मी एफवायला आहे. श्रीलंकेच्या ट्रेनच्या दारातून बाहेर लटकून काढलेले फोटो सगळे टाकतात, गाडी हळू असते तर धोका किती? आम्ही मित्र जातोय. (कळवा)

बाळा, तू कळव्याचा आहेस. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ सकाळच्या गर्दीत दारातली माणसं पडली आणि गेली, ते तुझ्या घरापासून किती लांब? तिथे लोक नाइलाजाने लटकत होते, कामावर पोचायचं होतं. तू फोटोसाठी लटकणार.

गाडी हळू असते हे खरं, पण डोंगरात कापलेल्या लाइनवर खडकाची भिंत, बोगद्याचं तोंड, झाडाची फांदी डब्यापासून हातभरच असते, आणि वळणावर ती अचानक येते, कारण पुढचं दिसतच नाही. तिथे असेच बाहेर झुकलेले परदेशी पर्यटक पडून मेलेले आहेत. दाराशी बसायला मलाही आवडतं, पाय आत घेऊन, मागे कोणीतरी, हात दांड्याला, आणि फोन दुसऱ्याकडे. फोटो हवाच असेल तर तुमच्यापैकी एकाने एल्लाला उतरून नऊ कमानींच्या पुलाच्या बाजूच्या टेकडीवर उभं राहावं आणि बाकीच्यांनी नंतरच्या गाडीतून जावं, पूर्ण गाडी वळणासकट येते. पोचल्यावर आईला फोन कर.

प्रश्न : वय ७४, एकटाच राहतो, गुडघे दुखतात. पत्नी असताना दोघं खूप फिरलो. विमान, परदेश आता नको. दिवसा खिडकीत बसून डोंगर-दऱ्या बघता येतील अशी एखादी गाडी सांगाल का? (वाशी)

काका, पनवेलहून जनशताब्दीने मडगावला जा. ती ठाण्यालाही थांबते पण तुम्हाला पनवेल सोयीचं. तिला विस्टाडोमचा डबा आहे, मोठ्या काचा, छपरालाही काच, आणि खुर्ची फिरवता येते, गुडघे सरळ ठेवून बसता येतं. पहाटेची गाडी आहे म्हणून वाशीहून रिक्षा-टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. रोह्याच्या पुढे कोकण रेल्वे सुरू होते. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पुढे पानवलचा पूल, ६४ मीटर उंच, पण तो क्षणात जातो, म्हणून रत्नागिरी सुटली की वर्तमानपत्र बाजूला ठेवा.

पावसाळ्यात याच लाइनवर गाड्या मुद्दाम हळू चालवतात, वेगळं पावसाळी वेळापत्रक असतं, दरडींच्या काळजीपोटी. तुम्हाला घाई नसेल तर मी तर जुलैतच जा म्हणेन, सगळा कोकण हिरवा, कड्याकड्यावरून पाणी. फक्त जायच्या आदल्या दिवशी गाडी वेळेवर आहे का ते १३९ ला फोन करून विचारा. तिकीट खिडकीजवळचं मागा. मडगावला लगेच परत फिरू नका, एक रात्र राहा, स्टेशनजवळ लॉज आहेत, जिने कमी असलेलं आधी फोनवर विचारून घ्या, आणि परतीचं तिकीट आत्ताच जातीच्या सोबत काढा.

वाशीत कोणी सोबत यायला असेल तर उत्तमच, पण नसेल तरी जा काका. जाऊन आलात की मला दोन ओळी नक्की लिहा, काकूंना कुठली गाडी आवडायची तेही लिहा.